भोवंड, मुक्काम पोस्ट कुंडल

कुंडल,
१२ जुलै २०२०

दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, "घरी सगळं ठीक न्हवं?" आणि मी हो म्हणाले. आईनं स्पीकर लावला होता आणि शेजारच्या सुलाबाई काकू भिंतीवरून मान काढून ऐकत होत्या. म्हणून खरं काय ते पत्रात लिहायचं ठरवलं. तुझ्या त्या डोंगरावर ते तीन आठवड्यांनी पोचलं तरी चालेल.

मार्चपासून एकही लग्न नाही. आपल्या 'जोतिर्लिंग बेंजो पार्टी'ची गाडी अंगणात उभी आहे आणि स्पीकरच्या मागं कोंबड्या अंडी घालतायत. नाना रोज सकाळी बेंजो बाहेर काढतात, पट्ट्या पुसतात आणि एकही सूर न छेडता परत कापडात गुंडाळून ठेवतात. मला ते बघवेना.

म्हणून नाना रानात गेले की मी तो घेते. वाजवते, दादा. तू शिकायचास तेव्हा मी दारात बसून बघायचे. ते सगळं हातात राहिलंय हे माझं मलाच माहीत नव्हतं.

मग गुंडा आला. पार्टीत कच्छी ढोल वाजवणारा आपला गुंडा, तोही रिकामाच. नंतर निमिष. सांगलीच्या कॉलेजात माझ्या वर्गात होता, तिथल्याच गावभागातला, गिटार वाजवतो. त्यानं पायानं दाबायच्या दोन डब्या आणल्या, पेडल म्हणतात त्यांना. बेंजोची वायर त्यातून घेतली आणि मी एक पट्टी दाबली. सूर शेडच्या पत्र्यावर जाऊन परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, आणि दर फेरीला वेगळाच होऊन आला. गुंडानं ढोलाची काठी खाली ठेवली आणि गरगरल्यासारखं डोकं धरलं. "आयला, भोवंड आली!" म्हणाला. तेच नाव ठेवलं आम्ही. भोवंड.

निमिष सांगतो, याला सायकेडेलिक रॉक म्हणतात. एकच सूर इतका लांबवायचा की ऐकणाऱ्याला बसल्या जागी कुठंतरी जाऊन आल्यासारखं वाटलं पाहिजे. गुंडा त्याला सायकल-डिलक्स म्हणतो.

नानांना अजून सांगितलेलं नाही. सांगू का?

शिवांजली

*

५६ एपीओ,
९ ऑगस्ट २०२०

शिवे,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. हितं वाचायला दुसरं हायच काय.

पयलं एक सांग. ते सायकेडेलिक म्हंजे नशापाणी न्हवं ना? आमच्या युनिटात एक शिकलेला पोरगा हाय, त्याला इचारलं तर तो हसाय लागला. "साब, वो तो गोलीवाला म्यूजिक है" म्हणाला. तुमी तिघं शेडमधी काय करताय ते सरळ लिव्ह. सांगलीच्या त्या निमिषला म्हणावं, आमच्या घरात तंबाकूची पुडीसुदीक चालत न्हाई.

दुसरं. नानांना सांगू नगंस. मला त्यांचा स्वभाव ठावं हाय. पोरीनं बेंजो धरलेला त्यांना खपायचा न्हाई. चाळीस वर्सांत पार्टीत कवा बाईमाणूस घेतलं का त्यांनी? कळलं तर बेंजो कुलपात जाईल आणि तुझं घराभायेर जाणंबी बंद हुईल.

पण वाजव. गुपचूप वाजव. मी नवव्या वर्षी धरला आणि अठराव्या वर्षी सोडला. कुणीतरी वाजवाय पायजे.

हितं ऑगस्टमधी बी दाढी गोठतीया. तब्येत बेस्ट हाय. आईला सांग, लाडू मिळाले, चुरा झालावता पण चमच्यानं खाल्ले.

शंभूराज

*

कुंडल,
२० जानेवारी २०२१

दादा,

नशापाणी काही नाही. गुंडा चहात साखर जास्त घालतो, तेवढीच.

आणि नानांच्या बाबतीत तुझा अंदाज सपशेल चुकला.

दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही 'हरणं' नावाचं एक गाणं बसवत होतो. सागरेश्वरच्या जंगलातली हरणं पहाटे खाली उसात उतरतात ना, त्याच्यावर. शब्द फक्त चार ओळींचे आहेत, बाकी नुसतं वाजवणं. पण ते काही केल्या उठत नव्हतं. सगळं बरोबर होतं आणि तरी सपाट वाटत होतं. निमिषनं पेडलची सगळी बटणं फिरवून बघितली.

वळून बघते तर दारात नाना. खांद्यावर खोरं, पायाला चिखल. किती वेळ उभे होते कोण जाणे. माझा हात पट्टीवरच राहिला. गुंडा तर ढोलाच्या मागं खाली बसला. मला वाटलं, आता संपलं.

नाना म्हणाले, "दोन नंबरची तार केसभर उतरव."

मी म्हणाले, "नाना, मग बेसूर होईल."

"उतरव म्हणतोय न्हवं."

तुला माहीतच आहे, बेंजोच्या त्या दोन जोडतारा एकाच सुरात मिळवायच्या असतात. मी एक उतरवली. त्यांनी कान दिला, "आजून जरा," म्हणाले. मग "बास." खोरं उचललं आणि अंगणात हात-पाय धुवायला गेले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी छेडलं. दादा, तो सूर एका जागी उभाच राहीना. दोन तारा एकमेकींना धक्का देत होत्या आणि आवाज कॅनॉलच्या पाण्यासारखा हलत होता. त्यावर निमिषचा पेडल लागला आणि आम्ही तिघं चौदा मिनिटं थांबलोच नाही.

आता नाना रोज दुपारी शेडबाहेर बाजेवर पडून ऐकतात. बोलत नाहीत. चुकलं की खोकतात.

'हरणं'चा व्हिडिओ निमिषनं घाटात काढला आणि टाकला. महिन्याभरात सहा लाख लोकांनी बघितला. खाली एकानं लिहिलंय, मी ब्राझीलमध्ये आहे, शब्द कळले नाहीत, पण मी हरीण झालो. नानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ब्राझीलमधी ऊस हाय का?" मी म्हणाले, आहे. "मग समजंल त्याला."

शिवांजली

*

५६ एपीओ,
२ मार्च २०२१

शिवे,

चुकलो. लय बरं वाटलं चुकून.

पोस्टवरनं खाली आल्यावर नेटवर्क घावलं, तवा 'हरणं' बघितलं. एका मोबाईलवर अकरा जण डोकी लावून. मी कुणाला सांगितलं न्हाई की ती माझी भन हाय. का न्हाई सांगितलं ते मला बी नीट सांगता यायचं न्हाई. नुसता बघत बसलो.

नानांचा हात धरून सांग, शंभ्यानं सलाम ठोकलाय.

शंभूराज

*

कुंडल,
२८ नोव्हेंबर २०२२

दादा,

तू रजेवर येऊन गेलास त्याला वर्ष झालं. तेव्हा आम्ही पलूसच्या गणपतीत आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्येच वाजवत होतो. या वर्षात काय झालं ते लिहायला बसले तर वही पुरणार नाही.

आमची सात गाण्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. बेंगळुरूला वाजवलं, शिलाँगला वाजवलं. शिलाँगला पाऊस पडत होता आणि हजारभर माणसं छत्र्या मिटून भिजत उभी होती. परवा साताऱ्याला तर कहरच झाला. मैदान भरलं, लोक बाहेर रस्त्यावर. ट्रॅक्टर बाजूला लावून माणसं टपावर चढलेली. फलटण, वाई, कराड, कुठून कुठून पोरं-पोरी आलेल्या. 'हरणं' सुरू झालं आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. मला भीती वाटली. संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि गुंडाला विचारलं, "पोरा, कुणाचा रं तू?"

गुंडा आता पेपरात मुलाखती देतो. टोपी उलटी घालतो.

मुंबईच्या एका वाहिनीनंही आम्हाला बोलावलं होतं. छान झाली मुलाखत. जमलं तर बघ, नाही जमलं तरी काही बिघडत नाही.

नाना मजेत आहेत. सगळे मजेत आहेत.

शिवांजली

*

५६ एपीओ,
१५ फेब्रुवारी २०२३

शिवांजली,

मुलाखत बघितली. तुकड्या-तुकड्यानं, चित्र थांबत हुतं आणि आवाज फाटत हुता.

त्या बाईनं इचारलं, हा हलणारा सूर आला कुठनं? आणि उत्तर मिळालं, "आमच्या प्रयोगांतून सापडला." रेकॉर्डच्या पाकिटावर बी बघितलं. 'ध्वनिरचना : भोवंड.' बास. नानांचं नाव कुठंच न्हाई. छोट्या अक्षरात सुदीक न्हाई.

हे त्या निमिषचं काम हाय. मला पयल्यापासनं वाटत हुतं. शहरातली माणसं गोड बोलून घरात शिरत्यात आणि घरातली वस्तू आपली म्हणून दाखवत्यात. मी त्याला पत्र लिवायला घेतलंवतं, आमच्या सुभेदार सायबांनी वाचलं आणि फाडलं.

त्यात परवा आईशी बोलाय मिळालं. आई म्हणाली, दिवाळीपासनं नानांनी बेंजोला हात लावला न्हाई. शेडकडं फिरकत न्हाईत. चौकात लोकांनी मोबाईलवर ती मुलाखत लावली हुती तवा नाना तिथंच हुते म्हणं. उठून सरळ घरी आले. आणि तू मला लिवतीस, नाना मजेत हाईत.

खोटं का लिवलंस?

शंभूराज

*

कुंडल,
६ मार्च २०२३

दादा,

निमिषला काही लिहू नकोस. त्यानं काही केलेलं नाही. ते वाक्य माझं होतं.

पुन्हा बघ ती मुलाखत. बाईनं विचारल्यावर निमिष बोलायला लागतो, "तिचे वडील..." आणि मी मधेच तोडते. टेबलाखाली मी त्याच्या पायावर पाय दिला होता. पाकिटावरचा मजकूरही मीच पाठवला होता. त्यानं मला दोनदा विचारलं, "नानांचं नाव?" मी म्हणाले, नंतर बघू.

का, ते सांगते. त्या स्टुडिओत सगळे इतके गुळगुळीत बोलत होते. आमच्या आधी एक सतारवादक आले होते, त्यांनी आपल्या घराण्याच्या चार पिढ्या सांगितल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मला वाटलं, मी काय सांगू? माझे वडील वरातीत बेंजो वाजवतात? लाल कोट घालून, गाडीच्या मागं चालत? ते हसतील असं वाटलं. हसले नसतेही. पण मी वाट बघितली नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रानात गेले. नाना पाण्याच्या मोटारीपाशी बसले होते, लाईट यायची होती. मी समोर बसले आणि जसं आता तुला लिहिलं तसंच सगळं त्यांना सांगितलं.

ते बांधावरचं गवत उपटत राहिले. मग म्हणाले, "लाज वाटली व्हय?"

"वाटली."

"माझी का बेंजोची?"

"वरातीची."

"आगं, मग ते वरातीतलंच हाय की. तुला काय वाटलं, मी इचार करून काढलाय तो सूर?" आणि मग त्यांनी सांगितलं. मला हे माहीतच नव्हतं, तुला होतं का? त्यांच्या ऐन विशीत, तासगावला एक वरात होती. वैशाखातलं ऊन. उन्हानं एक तार उतरली. मिळवायला वेळ नव्हता, नवरदेव घोड्यावर बसलेला, ढोल सुरू झालेला. तसंच वाजवलं. आणि आवाज हलायला लागला, पाक मागच्या घोळक्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवसापासून ते मुद्दाम तशीच तार लावायला लागले. शेजारच्या गावचे बेंजोवाले म्हणायचे, नानासोला कान न्हाई.

"मी कुणाला समजावाय गेलो न्हाई," नाना म्हणाले. "मला ऐकाय याचं, बास हुतं. पण पोरी, चाळीस वर्सं मी माईकवरनं नावं पुकारली. नवऱ्याचं, नवरीचं, मामाचं, पाव्हण्यांचं. माझं कवा कुणी पुकारलं न्हाई. शेडमधी तू ती तार उतरवलीस तवा वाटलं हुतं, आता हिच्याकडनं तेवढं हुईल."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडून काय व्हतंय? तुला बोलाय येतंय न्हवं? बोल मग."

तेवढ्यात लाईट आली आणि ते मोटार सुरू करायला उठले.

तुला खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर ते मलाच वाचावं लागलं असतं.

शिवांजली

*

५६ एपीओ,
३० मार्च २०२३

शिवे,

तुझ्या पत्रावर मी रागवायला पायजे. पण माझ्याच्यानं हुईना. का ते आज लिवतो. हे कुणालाच ठावं न्हाई, नानांना बी न्हाई.

मी बारावीत हुतो. विट्याला एका लग्नात नानांबरुबर वाजवाय गेलो. मीच पुढं हुतो, नाना माझ्या मागं, लय खुशीत. वरात हॉलपाशी आली आणि बघतो तर माझ्या वर्गातली सात-आठ पोरं आणि दोन पोरी, पाव्हणी म्हणून आलेल्या. एक जण वरडला, "आरं, हे तर आपलं बेंजोवालं!" सगळी हसली. वाईट बोलली न्हाईत काय. नुसती हसली. मी त्या रात्री ठरवलं, आता हात लावायचा न्हाई.

सहा महिन्यांनी भरतीला पळालो. गावात सगळी म्हणाली, पोरगं देशासाठी गेलं. नानांनी स्वतः मला वाजवत यष्टीपतोर सोडलं. आठवतंय तुला? मी खाली मान घालून चाललोवतो. लोकांना वाटलं, आईच्या आठवणीनं. मला ते वाजवणं बंद व्हावं वाटत हुतं.

आता मी देशासाठीच हाय, त्यात शंका न्हाई. ह्या वर्दीचा मला अभिमान हाय. पण घरातनं निघालो तवा मी बेंजोपासनं पळालो हुतो. बारा वर्सं युनिटात कुणी इचारलं, बाप काय करतो, तर मी सांगतो, खेती. ते खोटं न्हाई. पण आर्धं हाय.

तर तू एकदा लाजलीस आणि चार-पाच महिन्यांत जाऊन सांगितलंस. मी अजून सांगितलं न्हाई. तू माझ्यापरीस धाडसाची हाईस.

नाना तुला 'बोल' म्हणालेत. ते कसं करतीस ते मला सगळं लिव्ह. एक बी गोष्ट गाळू नगंस.

शंभूराज

*

कुंडल,
२२ मे २०२३

दादा,

एकही गोष्ट गाळत नाही.

आधी आम्ही तिघांनी मिळून एक व्हिडिओ टाकला आणि जे खरं ते सांगितलं. ज्या बाईंनी मुलाखत घेतली होती त्यांनी स्वतः तो पुढं पाठवला. रेकॉर्डची नवी पाकिटं छापायला दिली. मग नानांना विचारलं, सांगलीच्या कार्यक्रमात तुम्ही वाजवाल का? ते म्हणाले, "वाजवीन. पण कोट घालून. आणि जोतीराम ताशा घेऊन संगं यील. माझी पार्टी हाय ती, मी एकटा येत न्हाई."

चौदा मेला संध्याकाळी सांगलीत स्टेजवर लाल कोट आला. सोनेरी पट्ट्या, खांद्यावरच्या झिरमिळ्या, सगळं. आईनं तो दोन दिवस उन्हात घातला होता. जोतीराम काकांचा तर पोटावर बंद होत नव्हता, पिन लावली. समोर पाच हजार माणसं. गावाहून चार गाड्या भरून आलेल्या, सुलाबाई काकू पहिल्या रांगेत.

कार्यक्रमाआधी तारा तपासताना आवाजाचं बघणारा मुलगा स्टेजवर आला. पुण्याचा होता, हुशार होता, अदबीनंच म्हणाला, "काका, तुमची दोन नंबरची तार उतरलीय. मिळवून घेता का?"

नाना म्हणाले, "असूंद्या. चाळीस वर्सं उतरलीया."

मग मी माईकपाशी गेले. भाषण पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "ज्या सुरासाठी तुम्ही आम्हाला ओळखता, तो आमचा नाही. तो वरातीतला आहे. बेंजोवर, नानासो पुदाले, जोतिर्लिंग बेंजो पार्टी, कुंडल. माझे वडील."

दादा, तू पाहिजे होतास. लोक बसलेले उठले. नानांनी नमस्कार केला नाही, हसले नाहीत, काही नाही. पट्टा खांद्यावर नीट केला आणि सुरू झाले. 'हरणं' आम्ही चौदा मिनिटं वाजवतो. चौदा झाली, अठरा झाली, नाना थांबायचं नावच घेईनात. बावीस मिनिटं झाल्यावर गुंडा घामानं न्हाऊन निघाला. त्यानं ढोल वाजवतच जवळ सरकून विचारलं, "नाना, आवरायचं का?" नाना म्हणाले, "नवरदेव उतरला का?" तीस मिनिटांनी एकदा मानेनं खूण केली आणि सगळं एका ठोक्यात बंद. निमिष तिथंच खाली बसला. म्हणाला, "आपण आजवर रॉक वाजवतच नव्हतो."

खाली उतरल्यावर एक मुलगी सही मागायला आली. नानांनी माझ्याकडं पेन दिलं. ती म्हणाली, "नाही, तुमची." नानांनी तिच्या वहीवर पूर्ण सही केली, जशी सोसायटीच्या कागदावर करतात तशी, खाली तारीख घालून.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "नाना, बरं वाटलं?"

"आवाज बरा हुता," म्हणाले. आणि कुंडल येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते. चेहरा मला दिसला नाही. आई म्हणाली, दिसला नाही तेच बरं.

शिवांजली

*

कुंडल,
८ डिसेंबर २०२४

दादा,

तू फोनवर विचारलंस, बँड मोडला हे खरं का? खरं आहे. पण मोडला हा शब्द बरोबर नाही.

निमिषला जर्मनीत आवाजाच्या तंत्रज्ञानाचं शिकायला मिळालं. त्यानं ते सोडलं असतं, आम्ही सोडू दिलं नाही. गुंडाच्या मनगटाचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी ढोल बंद करायला सांगितलं. त्यांच्या जागी दुसरी माणसं घेऊन तेच नाव चालवणं आम्हाला तिघांनाही पटलं नाही. सव्वाचार वर्षं, दोन रेकॉर्डी. ऑक्टोबरात साताऱ्याला शेवटचं वाजवलं. भांडण नाही, काही नाही. संपल्यावर तिघं मिसळ खायला गेलो.

मी दोन दिवस झोपून होते. वाटलं, झालं, आता आपण पुन्हा कुणी नाही. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "ऊठ. शेडमधी कोण आलंय बघ."

राजेश्वरी नावाची मुलगी होती. शिरवळला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करते. तिथल्याच दोन मैत्रिणींना घेऊन बँड काढलाय, जुना बेंजो कुठून तरी मिळवलाय. यूट्यूबवर बघून तार उतरवली, पण आवाज हलत नव्हता. तीन एसट्या बदलून विचारायला आली होती. नानांनी तिचा बेंजो हातात घेतला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "लय उतरवलीस. केसभर म्हंजे केसभर."

ती गेली आणि पुढच्या रविवारी पाच जण आले. आता दर रविवारी अकरा जण असतात. वाईहून ज्ञानदा म्हणून एक येते, ती व्हायोलिनवर हेच करून बघते. कराडची दोघं भाऊ आहेत. कोचीहून एकाचं पत्र आलं. या तार लावण्याला आता नाव पडलंय, आम्ही ठेवलेलं नाही, आपोआप पडलं. 'कुंडल मिळवणी.' परदेशातल्या एका मासिकात छापून आलंय, इंग्रजीत, कुंडलचं स्पेलिंग चुकवून.

नाना लय कडक मास्तर आहेत. पेडलला सहा महिने हात लावू देत नाहीत. आणि प्रत्येकानं आधी एक वरात करायची. उभ्यानं, चालत, उन्हात. राजेश्वरीनं मागच्या आठवड्यात पलूसला केली. पायाला फोड आले. म्हणते, आता कळलं.

नाना पासष्ट वर्षांचे झाले आणि आता कुठं त्यांना बोलताना ऐकतेय मी. बोलायचं थांबत नाहीत.

शिवांजली

*

५६ एपीओ,
२ नोव्हेंबर २०२५

शिवे,

हे पत्र नानांना मोठ्यानं वाचून दाखव. चौदा वर्सांपासनं जे सांगायचं राहिलंवतं ते पयलं त्यांना मीच फोनवर सांगितलंय, काल. विट्याचं लग्न, वर्गातली पोरं, सगळं. नाना ऐकत राहिले आणि म्हणाले, "मला तवाच कळलंवतं." एवढंच. मग म्हणाले, "थंडी लय हाय का?"

आता काय झालं ते ऐक.

आमच्या पोस्टवर सिग्नलचा एक नायक आलाय, मिझोरामचा. ज़ोवा म्हणत्यात त्याला सगळी. चर्चमधी गिटार शिकलेला माणूस, फौजेत बी गिटार सोडली न्हाई. गेल्या रविवारी दुपारी, ऊन पडलंवतं, जेवणं झालीवती, तर तो बाहेर पोत्यांवर बसून वाजवाय लागला. मी दाढी करत हुतो. हात थांबला. आपला सूर, शिवे. हलणारा. गिटारच्या वरच्या दोन तारा एका सुरावर आणून एक उतरवलेली.

मी तोंडाला साबण तसाच ठेवून गेलो आणि इचारलं, "ये क्या बजा रहा है?"

"हवलदार साब, ये कुंडल ट्यूनिंग है."

"कुंडल क्या है?"

"पता नहीं साब. कोई पुराना राग होगा."

आजूबाजूला वीसेक जण हुते. त्यातल्या निम्म्यांना मी दहा-दहा वर्सं वळखतो. सगळ्यांना ठावं, पुदालेचा बाप खेती करतो. माझं मलाच ऐकाय आलं, मी बोलत हुतो ते. म्हणालो, "राग नहीं है. गाव है. मेरा गाव है. और ये मेरे बाप ने बनाया है. वो शादियों में बेंजो बजाता है, बारात में, लाल कोट पहन के. और ये जो हरणवाला गाना तुम सब सुनते हो ना, उसमें बजानेवाली मेरी बहन है."

मला वाटलं, आता हसत्यात. ज़ोवा उठला, अटेंशनमधी उभा राहिला, आणि गिटार माझ्या हातात दिली. "साब, फिर ठीक से सिखाओ. मेरे से सही नहीं होता."

त्याची तार लय उतरलीवती. मी वर घेतली. आजून जरा. कान लावला. चौदा वर्सं मी एक तार छेडली नव्हती, पण ती जागा मला घावली. गिटार मला येत न्हाई, तरी एका तारेवर बोट सरकवत 'हरणं'ची पयली ओळ काढली. तीन ठिकाणी चुकलो. सगळी मिळून टाळ्या वाजवाय लागली, आणि सुभेदार साब आतनं वरडले, "पुदाले, तू इतने साल क्या कर रहा था?"

जानेवारीत रजा मिळंल. ह्या खेपेला मी रविवारी पोचणार हाय, म्हंजे अकराच्या जागी बारा हुतील. नानांना सांग, वरात करायची असंल तर मला बी लावा, मी उभा राहतो.

आणि एक. ज़ोवाला नानांशी सरळ बोलायचंय. लय प्रश्न हाईत त्याचे, कागदावर लिवून ठेवलेत. मी घरचा नंबर दिलाय. ह्या म्हयन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी त्याची फोनची पाळी हाय. नानांना हिंदी येत न्हाई आणि त्याला मराठी येत न्हाई. तरी तू फोन उचलू नगंस. त्यांचं त्यांना बोलू दे.

शंभूराज